बोल्ड इटॅलिकमधली एक ओळ

संध्याकाळचे पावणेसहा. जालन्यातल्या एका दैनिकाचं कार्यालय, पानं लावायची खोली.

“पण सर, पान वाईट कुठे दिसतंय?”

हर्षल डोईफोडे पुन्हा तेच विचारत होता. त्याला अक्षररचना शिकवलेले वझरकर सर समोरच्या पानाकडे बघत होते.

गादी कारखान्याच्या आगीत सहा कामगार गेले होते. मंत्र्यांनी दुपारीच ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून हात झटकले होते. उद्याच्या अंकात काही ठोस आलं नाही, तर चौकशी तिथेच गुंडाळली जाणार होती. आणि या पठ्ठ्याने मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी बातमी स्वतः घडवलेल्या नव्या बोल्ड इटॅलिकमध्ये लावली होती!

अक्षर देखणं होतं. काने भरदार, उजवीकडे झुकलेले. वळणावर अंग चोरणारी रेघ, टोकांना बोरूने लिहिल्यासारखा तिरका काप. सरांनी शिकवलेलं सगळं त्यात उतरलं होतं. म्हणून तर त्यांचं डोकं जास्तच फिरलं होतं.

“वाच.”

हर्षल वाचू लागला.

“असं नाही. जसं लावलंयस तसं.”

“म्हणजे?”

“ओरडून. प्रत्येक शब्द. ‘आणि’सुद्धा. ‘असे समजते’सुद्धा.”

हर्षल हट्टाने ओरडू लागला.

“डोईफोडे, आमची डोकी सोडा!” पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

शेवटी आवाज चिरकला.

“काय लक्षात राहिलं?” सरांनी विचारलं.

“माझा घसा.”

“मग सगळी अक्षरं सरळ उभी कर. एकच ओळ झुकव.”

हर्षलने ओळ निवडली : सहा जणांचा होरपळून मृत्यू.

“ते तर कारखान्याचा मालकही नाकारत नाही.”

“मग ही… मंत्र्यांना तीव्र दुःख.”

सरांनी नकारार्थी मान हलवली.

“अहो, मग तुम्हीच सांगा ना! हे अक्षर मी केलं तरी कशासाठी?”

सरांनी दोन्ही तळहात पानावर ठेवले. एकाने वरचा मजकूर झाकला, दुसऱ्याने खालचा. मध्ये अग्निशमन दलाच्या जबाबातली एक ओळ उरली. मघाशी हर्षलने तीही ओरडून म्हटली होती. खोलीत कुणाच्याच कानात ती शिरली नव्हती.

हर्षल वाकला. बोट त्या ओळीवर ठेवलं.

सरांनी ती वाचली, आवाज न चढवता.

“दाराला कुलूप बाहेरून होतं.”