मेहुण्याला जमेल असा पलंग

"पलंग मोडला नाही, महाराज! चुकीचा जोडला होता!"

सुताराची सगुणा भर दरबारात बोलून गेली आणि तिच्या बापाने, भिकाजीने, कपाळावर हात मारला.

त्याचं असं झालं, शिकारीच्या तळावर महाराज दुपारी आडवे झाले आणि पलंगासकट धाडकन खाली आले. पलंग जोडला होता त्यांच्या मेहुण्याने, फत्तेरावांनी. उजवा जोडा डाव्या पायात घालून "आज पाय का बरं दुखतोय?" असं विचारणारे हे गृहस्थ! पण राजाच्या मेहुण्याला बोलणार कोण? दोष आला सुट्या भागांचा तो पलंग घडवणाऱ्या भिकाजीवर.

"अस्सं?" महाराज कंबर चोळत म्हणाले. "मग फत्तेराव एकटे जोडतील असा पलंग आण. पडला, तर बापलेक दोघं राज्याबाहेर!"

दरबार खुसखुसला. सगुणा मात्र फत्तेरावांकडे बघत राहिली. जन्म झाला ते घर सोडायचं, तेही या ध्यानापायी!

"कुठला भाग कुठे बसवायचा, त्या खुणा मोठ्या करू," घरी भिकाजी म्हणाला.

"आबा, ते खुणा बघणार आहेत होय?" असं म्हणून सगुणाने करवत उचलली.

ठरल्या दिवशी ती लाकडं घेऊन हजर झाली. फत्तेरावांना आपली चूक हिच्याच माथी मारायची होती. एखादी खुंटी हळूच कमरेला खोचली की पलंग पडणार, म्हणून त्यांनी शोधाशोध केली.

"खुंट्या कुठायत गं?"

"ठेवल्याच नाहीत, सरकार. असत्या तर हरवल्या असत्या!"

चिडून त्यांनी पाय उलटे धरले. खाचेत बसले! इकडची पट्टी तिकडे लावली. तीही बसली! फळ्या पालथ्या टाकल्या, तरी पलंग ठाम उभा. चारी पाय सारखे, खालून वरून सारखे. चारी पट्ट्या सारख्या. पलंगच चौरस!

महाराज जीव मुठीत धरून टेकले. मग आडवे झाले. मग कूसही बदलली. पलंग कुरकुरलासुद्धा नाही.

"पोरी, इतकी वर्षं या माणसाला सुधारायला बघतोय मी. तुला कसं जमलं?"

"मला कुठं जमलं, महाराज? मेहुणा बदलता येत नाही, म्हणून पलंग बदलला!"

महाराज पोट धरून इतके हसले की पलंगाची दुसरी परीक्षाही तिथेच झाली. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी सगुणाला दिलं आणि भिकाजीच्या डोक्यावर राजसुताराची पगडी ठेवली. सगळे हसताहेत हे पाहून फत्तेरावही मनापासून हसले.