करवंट्यांचं तोरण

पुष्कळ जुनी गोष्ट, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. टेकडीच्या पायथ्याशी चिकणमातीचं एक गाव होतं आणि तिथे एक कुंभारीण राहत होती. चाकावर तिचा नवरा बसे, माती तुडवायचं काम तिचं. मातीत बारीकसा खडा राहिला तरी तो तिच्या तळपायाला कळे आणि ती वाकून तो उचलून टाकी. खडा राहिला की मडकं भट्टीत फुटतं. त्यामुळे घर जितकं नवऱ्याच्या हातांवर चाले, तितकंच तिच्या तळव्यांवर.

एका हिवाळ्यात तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग आग सुरू झाली. पाठ टेकली की कुणी तळव्यांखाली निखारे सरकवतंय असं वाटे. पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवेना. झोप गेली आणि झोपेबरोबर बोलणंही गेलं.

आता त्या गावची रीत ऐका. गावात वैद्य नव्हता. पारावर बसणारे म्हातारेच औषध देत. ज्याच्या औषधाने गुण येईल त्याच्या दारी नारळ न्यायचा. खोबरं घरात जाई आणि करवंटी, देणाऱ्याची खूण करून, दारावरच्या तोरणात ओवली जाई. ज्याचं तोरण भरगच्च, तो मोठा जाणकार. वाईट एवढंच, की गुण आला नाही हे सांगायची रीतच नव्हती. औषध घेतलं आणि नारळ नेला नाही, तर तो मोठ्यांचा अपमान. आणि त्या गावात माणसाचा पाय सडला तरी चाले, म्हाताऱ्याचं तोंड पडलेलं चालत नसे.

पहिल्या म्हाताऱ्याने तिला तेल दिलं. पाय बुळबुळीत झाले, आग तशीच. पाणवठ्यावर त्याची बायको भेटली. "काय गं, आमच्या घराची वाट विसरलीस वाटतं?"

कुंभारीण मुकाट्याने नारळ घेऊन गेली.

दुसऱ्याने चूर्ण दिलं, तिसऱ्याने भस्म. भस्म कशाचं, असं तिने विचारलं तर तिसरा भडकला. "मी माझ्या बापाला कधी विचारलं नाही, तू कोण विचारणारी?" त्यालाही नारळ गेला. तिने काहीच बंद केलं नाही, कारण कुठलंही बंद केलं तरी कुणाला तरी राग येणार होता.

"आपण मडकी भाजतो ती काय नारळ वाटायला?" नवरा म्हणाला.

"गप बसा हो," ती म्हणाली. भांडायलाही अंगात त्राण नव्हतं.

शेवटी ती सर्वांत थोरल्या आबांकडे गेली. त्यांचं तोरण इतकं लोंबत होतं की दारातून जाताना करवंट्या डोक्याला लागत.

"आबा, यात माझ्यासारख्या पायांच्या किती?" तिने विचारलं.

"मोजत बसलो असतो तर लोकांना बरं कधी केलं असतं? वर बघ, पोरी. एवढी माणसं खोटं बोलतील?"

आबांनी काळा लेप दिला. आणि काय सांगावं, त्या लेपाने आग थांबली. कुंभारीण कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. या वेळी ती नारळ आनंदाने घेऊन गेली आणि परत येऊन माती तुडवायला उभी राहिली.

भट्टी उघडली तेव्हा निम्मी मडकी फुटलेली होती. नवऱ्याने एक खापर उचलून पाहिलं. फुटलं होतं तिथे खडा.

"असे खडे कधी राहिले नव्हते," तो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. "अगं, हे रक्त कुणाचं?"

तिच्या तळव्यात खापराचा तुकडा खोल रुतला होता आणि ती त्याच पायावर उभी होती.

"दुखत नाही?"

"नाही," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

शेजारचा कोष्टी तोच लेप लावून बसला होता, त्याचीही करवंटी आबांच्या दारी होती. ती लंगडत त्याच्याकडे गेली. "दादा, तुम्हाला लेपाने गुण आला होता ना?"

कोष्ट्याने इकडेतिकडे पाहिलं. "अंगठा गेला माझा. जखम कळलीच नाही. जोड्याच्या पुढच्या टोकात चिंधी कोंबतो, म्हणून दिसत नाही."

"मग नारळ का नेलात?"

"सगळे नेतात म्हणून. तू नाही नेलास?"

तिने घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.

नवऱ्याने तिला गाडीत घालून नदीपल्याडच्या वैद्याकडे नेलं. वैद्य तिरसट होता आणि त्याच्या दारावर काहीच टांगलेलं नव्हतं. त्याने तिला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्यावरून पीस फिरवलं.

"कुठे लागतंय?"

"फिरवताय का?" तिने विचारलं.

वैद्याने पीस ठेवलं. "आग विझली नाही, बाई. पाय बधिर झालाय. आणि त्या गाठोड्यात काय?"

तिने तेल, चूर्ण, भस्म, लेप पुढे ठेवलं; कशात काय आहे ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. "सगळं बंद," तो म्हणाला. "ज्यात काय आहे हे देणाऱ्याला सांगता येत नाही, ते पोटात घालायचं नाही आणि अंगाला लावायचंही नाही. आधी जखम भरू. मग ही आग कशातून आली ते शोधू."

"गुण येईल?"

"काहींची आग उतरते, काहींची अर्धीच. एकाला माझा काडीचा उपयोग झाला नाही. तो समोरच्या घाटावर होडी चालवतो. आधी त्याला विचार, मग ठरव."

ती होडीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "नाही आला गुण. पण येणार नाही कदाचित, हे वैद्यबुवांनी आधीच सांगितलं होतं. आणि असलेलं बिघडवलं नाही."

कुंभारीण काठावर बसली. इतक्या दिवसांत तिला कुणी पहिल्यांदाच 'नाही' म्हणत होतं, आणि त्या 'नाही'वर तिला टेकून बसता येत होतं. मग ती उठून परत वैद्याकडे गेली.

जखम भरली. आग बरीच उतरली, सगळी नाही. डाव्या पायाच्या बोटांची जाण मात्र परत आलीच नाही. ती नारळ घेऊन गेली तेव्हा वैद्याने तो फोडला आणि एक वाटी तिच्या हातात दिली. "अर्धाच गुण आलाय. अर्धं तू खा."

गावी परतली तर दारात न्हाव्याची सून उभी, हातात काळा लेप. "काकू, पाय फार जळतात हो. आबांच्या दारी तुमची करवंटी पाहिली, म्हणून आणला. लावू ना?"

कुंभारणीला नुसतं आडवं व्हायचं होतं. पण तिने लेप काढून घेतला आणि ती तशीच आबांच्या दाराशी गेली. तोरणातून तिने आपली करवंटी ओढली.

"हे काय चाललंय?" आबा म्हणाले.

"माझी आहे, परत नेते. गुण आला नव्हता, आबा."

"चारचौघांत मोठ्यांना असं बोलतात?"

"बोललं नाही म्हणूनच कोष्टीदादांचा अंगठा गेला."

समोरच्या पारावर बसलेली माणसं हे ऐकत होती. मग कोष्टी उठला, लंगडत आला आणि त्याने आपली करवंटी काढली. त्याच्यामागून आणखी एक जण आला, मग आणखी एक.

संध्याकाळी त्या दारावर मोजक्या करवंट्या उरल्या. त्या सगळ्या आबांच्या काढ्याने खोकला खरोखर गेलेल्यांच्या होत्या. पुढे आबा फक्त काढाच देत. तो खरंच गुणकारी होता. आपला काढाच तेवढा लागू पडतो, हे त्यांना तरुणपणीच कळलं असतं, पण तसं कुणी त्यांना कळूच दिलं नव्हतं.

आता माती नवरा तुडवतो. कुंभारीण शेजारी बसून हाताच्या बोटांनी खडे शोधते. काही सापडतात, काही निसटतात.

यातून घ्यायचं ते इतकंच: जो आपल्या औषधाचं अपयशही सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवावा, आणि न आलेला गुण कुणाच्याही मानासाठी आला म्हणू नये.