राजकन्येच्या अंगावरची शेवटची पिसू

एका राज्यात दुंदुभीसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या दरबारात खाजवायला सक्त मनाई होती. राजासमोर खाजवणे म्हणजे सिंहासनाचा अपमान, अशी तिथली रीत. एकदा एका जादूगाराने बोलता बोलता मान खाजवली, तर राजाने त्याला धक्के मारून बाहेर काढले. जाता जाता तो गरजला, "तुझी लेक मांजरी होईल! अंगावरची शेवटची पिसू गेली, तरच ती माणसात येईल. पौर्णिमा उलटली की तेही नाही."

झाले! राजकन्या कनकलेखा म्याव करून सिंहासनावर चढली आणि मागच्या पायाने कान खाजवू लागली. तिला कोण काय बोलणार?

एकुलत्या एका लेकीसाठी राजा ढसाढसा रडला. तेव्हा खिडकीतली साळुंकी म्हणाली, "महाराज, रडून पिसवा मरत नाहीत. राक्षसाच्या वनातला कडुनिंब आणा."

राक्षस घोरत होता तेवढ्यात राजाने पाला ओरबाडून आणला. तो उकळून, पाणी कोमट झाल्यावर मांजरीला न्हाऊ घातले. राजाचे हात ओरखड्यांनी भरले, पिसवा कमी झाल्या. पण मांजरी रात्रभर सिंहासनावर झोपली आणि सकाळी पुन्हा तितक्याच!

"आता यक्षिणीची बारीक दातांची फणी आणा," साळुंकी म्हणाली.

यक्षिणीने फणी दिली, पण मोबदल्यात राजाची अर्धी मिशी कापून घेतली. राजाने फणी फिरवली, निघालेली एकेक पिसू रिठ्याच्या पाण्यात बुडवली. मांजरी पुन्हा सिंहासनावर झोपली आणि उठली ती खाजवतच.

राजा हवालदिल झाला. पौर्णिमा उद्यावर आली होती, आणि लेक आता उंदीरही मिटक्या मारत खाऊ लागली होती.

"तिसरे काम घरातलेच आहे," साळुंकी म्हणाली. "सिंहासनाची गादी उन्हात घाला."

दरबार हादरला. गादी हलली तर राज्य हलेल, या भीतीने सात पिढ्यांत तिला कुणी ऊन दाखवले नव्हते.

"पूर्वजांची गादी आहे, महाराज!" प्रधान कळवळला.

"माझी लेक आहे, प्रधानजी," राजा म्हणाला, आणि त्याने स्वतः गादी खांद्यावर घेतली.

भर उन्हात त्याने ती काठीने बडवली. सात पिढ्यांची धूळ उडाली, पिसवा टणाटण उडून तापल्या फरशीवर मेल्या. राजाच्या मानेला अशी खाज सुटली की त्याने सगळ्यांदेखत कराकरा खाजवले. मग प्रधानाने खाजवले. सेनापतीने खांबाला पाठ घासली. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली खाज ती! कुणी कुणाकडे पाहीनासे झाले.

राजाने पुन्हा फणी फिरवली. शेवटची पिसू पाण्यात बुडाली, आणि मांजरीच्या जागी कनकलेखा उभी राहिली. राजा हात पसरून धावला.

"थांबा, आबासाहेब!" ती मागे सरली. "आधी तुम्ही न्हाऊन घ्या."

राजा डोळे पुसत, हसत, कडुनिंबाच्या पाण्यात गळ्यापर्यंत जाऊन बसला. कनकलेखा फणी घेऊन मागे उभी राहिली. "मान खाली करा," ती म्हणाली. कुणापुढेही न झुकलेल्या राजाने मुकाट्याने मान खाली केली.

जशी त्या बापलेकीची खाज मिटली, तशी तुमचीआमची मिटो.