तूर्तास राहू दे

एकदा एका बाजारपेठेच्या गावी असं झालं, की एका घराच्या भिंतीवरचा ओला गिलावा वाळायचं नावच घेईना. वैशाखाचे दिवस. अंगणात घातलेले पापड तासाभरात कडकडीत व्हावेत असं ऊन. आणि या भिंतीला बोट लावलं की बोट आत रुतायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले दोन महिने.

घर होतं धान्याच्या वखारीवर लिहिण्याचं काम करणाऱ्या एका गृहस्थाचं. माणूस सज्जन, अक्षर वळणदार, पगार मात्र बेताचा. हौसेने त्याने तीन खोल्यांचं जुनं घर घेतलं होतं आणि घेतल्या दिवसापासून तो ते दुरुस्त करत होता. एका महिन्यात कौलं, दुसऱ्या महिन्यात न्हाणीची फरशी, तिसऱ्या महिन्यात काहीच नाही, कारण हात आखडलेला. मागच्या खोलीची तुळई वाळवीने पोखरली होती. तिला खालून एक टेकू देऊन त्याने त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम घरात केला होता. जुनं घर ज्यांनी घेतलं आहे त्यांना ही कसरत सांगायला नको. एक भोक बुजवावं, तर शेजारचं आ वासून उभं असतं.

अशात त्याला एक निरोप आला. बंदरावरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला कारभारी हवा होता. पगार दुप्पट, पण जायचं तर बिऱ्हाड उचलून जायचं. झालं, गृहस्थाची झोप उडाली. पडकं घर विकत कोण घेणार? म्हणजे आधी ते नीट करायला हवं. नीट करायला पैसा हवा, म्हणजे आधी नोकरी धरायला हवी. आणि नोकरी धरली, तर घर नीट करून घ्यायला इथे राहणार कोण? या फेऱ्यात तो सकाळी शिरायचा आणि संध्याकाळी निघालेल्या जागीच परत यायचा. बायको विचारायची, "व्यापाऱ्याला काय कळवायचं?" तो म्हणायचा, "तूर्तास राहू दे." गवंडी विचारायचा, "मालक, मागच्या खोलीचं काय करू?" त्यालाही तेच, "तूर्तास राहू दे." व्यापारीही भलताच सबुरीचा निघाला. दर पंधरवड्याला त्याचा माणूस येऊन सांगायचा, जागा अजून रिकामीच आहे.

हळूहळू घरात आणखी काही गोष्टी घडू लागल्या. खरं म्हणजे घडेनाशा झाल्या. विरजण लागेना. बायकोने आधी विरजणाला दोष दिला, मग भांड्याला, मग शेजारणीला. आठव्या दिवशी तिने वास घेऊन पाहिला, तर दूध नुकतं काढल्यासारखं ताजं. अंगणातल्या जास्वंदीची एक कळी उमलत नव्हती आणि गळतही नव्हती. गृहस्थाने सगळं हसण्यावारी नेलं. दूध नासत नाही, याची तक्रार घेऊन जावं तरी कोणाकडे?

मग एका दुपारी बायकोने सहा वर्षांच्या लेकीचा हात त्याच्यापुढे धरला.

"हिची नखं बघा."

"बरी आहेत की. आजच कापलीस वाटतं."

"दोन महिने झाले, मी कात्री लावलेली नाही." तिने लेकीची हनुवटी वर केली. "आणि हिचा पुढचा दात. होळीच्या आधीपासून हलतोय. नुसता हलतोय."

लेकीने जिभेने दात पुढेमागे करून दाखवला आणि ती खुदकन हसली. आईबापांपैकी कोणी हसलं नाही. गृहस्थाने तिची बोटं एकेक करून पाहिली. घर, नोकरी, गवंडी सगळं क्षणात मागे पडलं. आपली पोर वाढायची थांबली आहे, एवढंच त्याला कळलं.

तो तसाच उठून गुरुजींकडे गेला. नदीकाठच्या धर्मशाळेत, माडीवरच्या एका खोलीत हे गुरुजी एकटे राहत. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी घाटाच्या पायऱ्यांवर बसून अक्षरओळख करून दिली होती, त्यात हाही होता. घाटाच्या पायऱ्यांवरच त्याचं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "घरात रोज काय बोलतोस?"

"काही विशेष नाही, गुरुजी. चार माणसं बोलतात तेच."

"उद्या येतो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले, ओल्या भिंतीकडे पाहिलं, मागच्या खोलीच्या दारातून तुळईकडे पाहिलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. कोणता मंत्र नाही, अंगारा नाही. कमरेच्या चंचीतून त्यांनी एक अख्खी सुपारी काढली आणि गृहस्थाच्या तोंडात ठेवली.

"चावायची नाही, गिळायची नाही, मी सांगेपर्यंत थुंकायची नाही. घरात हिंडत राहा." मग ते त्याच्या बायकोकडे वळले. "आणि तू, बाई, रोज विचारतेस ते सगळं विचार."

बिचारीला या वागण्याचा अर्थ कळेना, पण तिने विचारायला सुरुवात केली. पुढच्या कौलांचं काय करायचं? त्याने तोंड उघडलं, सुपारी दातांवर आपटली. दाराची बिजागरी केव्हा बसवायची? पुन्हा सुपारी. व्यापाऱ्याला काय सांगायचं? गवंड्याला बोलवायचं का? दर खेपेला तेच तीन शब्द ओठांपर्यंत येत आणि सुपारीला अडून परत जात. सातव्या-आठव्या वेळी त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. आपल्याकडे दुसरं वाक्यच उरलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

ऊन डोक्यावर आलं. रस्ता निर्मनुष्य झाला. कावळेही गप्प झाले. घरात कोणी बोलत नव्हतं, आणि तरीही न्हाणीतून कोणीतरी बोललं.

"तूर्तास राहू दे."

आवाज त्याचाच होता. तो जागच्या जागी थिजला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून पुन्हा तोच आवाज आला, जरा वैतागलेला. मग दाराच्या चौकटीतून, मग मागच्या खोलीतून. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. लेक मात्र जमिनीवर सागरगोटे खेळत होती.

"बाबा भिंतीत असंच बोलतात," मान वर न करता ती म्हणाली. "रोज दुपारी."

त्याने ओल्या भिंतीला कान लावला. गिलाव्याचा गारवा गालाला चिकटला. आत दोन महिन्यांचे त्याचे सगळे आवाज होते. थकलेले, चिडलेले, जांभई देत उच्चारलेले. आणि प्रत्येकाच्या पाठोपाठ दुसरा एक आवाज येत होता. तो बाईचाही नव्हता, पुरुषाचाही नव्हता. विलक्षण आज्ञाधारक होता.

"तथास्तु."

वाचकहो, घरात वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं असतं. आपण शिव्याशाप तेवढे आवरतो आणि सुटलो असं समजतो. या सज्जनाने तर कधी कोणाला शिवीही दिली नव्हती.

सुपारी तोंडातून कधी गळून पडली, त्याला कळलंच नाही. तो तिथेच खाली बसला. गुरुजी त्याच्यासमोर बसले.

"हिला भिऊ नकोस," ते शांतपणे म्हणाले. "वास्तूच्या मनात तुझं वाईट नाही. आत राहणारा जे मागतो ते द्यायचं, एवढंच तिला येतं. तू दोन महिने एकच मागणं मागितलंस, की काही ठरू नये. ते पुरवायचं तर तिला सगळंच थोपवून धरावं लागलं. कुजणं थोपवलं की वाढणंही थांबतं. तिला त्यातलं एक निवडता येत नाही. म्हणून ती तुळई अजून वर आहे आणि हा दात अजून पोरीच्या तोंडात आहे. तुला वाटलं, न ठरवण्याला काही मोल पडत नाही. मोल रोज पडत होतं, बाळा. ते ही पोर देत होती."

गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी जाऊ की राहू? तुम्ही सांगाल तसं करतो."

"मी सांगितलं तर ते माझं ठरवणं होईल. या घरात उभा राहून तू एक पुरं वाक्य बोल. मात्र एक लक्षात ठेव. बोललास की थांबलेलं सगळं एकदम चालू लागेल. चांगलं तेवढं चालू कर, असं हिला सांगता येत नाही."

त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. त्या तुळईच्या भीतीने तर त्याने इतके दिवस काढले होते. जावं, तर पै पै करून उभं केलेलं सगळं मातीत. राहावं, तर दुप्पट पगार आणि लेकीचे चांगले दिवस हातचे जाणार. कुठलाही शब्द उच्चारला की काहीतरी तुटणारच होतं.

तेव्हा बायको बोलली. "अहो, काहीही ठरवा. बंदरावर न्या, नाहीतर इथे दोनच खोल्यांत ठेवा. तुम्ही म्हणाल तिथे मी पदर खोचून उभी राहीन. पण माझी पोर मोठी होऊ द्या."

दोन खोल्या. हा विचार त्याला कधी शिवलाच नव्हता. तीन घेतल्या म्हणजे तीनही वाचवायच्या, याच हट्टाने तो भोकं बुजवत सुटला होता.

त्याने बायको-मुलीला गुरुजींबरोबर अंगणात पाठवलं. पुढच्या खोलीच्या मधोमध तो उभा राहिला. एकेक शब्द सुटा करून तो बोलला. "आम्ही इथेच राहणार. बंदरावरच्या व्यापाऱ्याला मी उद्याच नको म्हणून कळवतो. मागची खोली आम्ही सोडली. तिचे चांगले वासे आणि कौलं काढून मी पुढच्या दोन खोल्या धड करणार."

एक क्षण काहीच झालं नाही. मग मागच्या खोलीत कडकन आवाज झाला आणि तुळई छपरासकट खाली आली. धुळीच्या लोटातून तो खोकत अंगणात धावला. तिथे लेक भोकाड पसरून रडत होती. ओठावर रक्त, तळहातावर दात. आई तिला छातीशी धरून रडत होती आणि हसत होती. पुढच्या भिंतीचा गिलावा बघता बघता पांढरा पडत गेला, त्याला चार भेगाही पडल्या. स्वयंपाकघरातून कित्येक दिवसांच्या नासलेल्या दुधाचा असा भपकारा आला, की गुरुजींनीही नाकाला उपरणं लावलं.

खोटं कशाला सांगू, गृहस्थ त्या दिवशी रडला. त्या खोलीत त्याला लेकीसाठी झोपाळा टांगायचा होता. दुप्पट पगाराची स्वप्नंही पाहून झाली होती. ते सगळं गेलं. आणि तरी दिवेलागणीला तो गुरुजींना पोचवायला निघाला, तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्याचं पाऊल हलकं पडत होतं.

गुरुजी घाटावर पाय धुवायला थांबले. त्यांच्या आधी माडीवर जाऊन दिवा लावावा, म्हणून त्यांचा हा जुना शिष्य पायऱ्या चढला. या खोलीत तो आयुष्यात प्रथमच येत होता. आत एक घोंगडी होती, दाराशी काठी टेकवलेली होती आणि खुंटीला प्रवासाचं गाठोडं टांगलेलं होतं. गाठोड्यातून ताज्या भाकरीचा वास येत होता. त्याने सहज हात लावला. भाकरी मऊ होती, अजून कोमट होती.

"गुरुजी, कुठे गावाला निघालात?"

गुरुजी उंबऱ्याबाहेर येऊन उभे होते. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि त्याला खुणेने बाहेर बोलावलं. सज्जात आल्यावर ते हळू आवाजात बोलले.

"थोरल्या भावाकडे निघालो होतो. भांडून वेगळे झालो होतो आम्ही. त्याने बोलावणं धाडलं. शिदोरी बांधली, काठी घेतली, पण ऊन फार होतं. म्हटलं, तूर्तास राहू दे, उन्हं उतरली की निघू."

"हे केव्हा?"

"तू मुळाक्षरं गिरवायला आलास ना, त्याच्याही आधी."

शिष्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. अर्धी पिकलेली दाढी, ताठ कणा, हातावर एक सुरकुती नाही. तो सात वर्षांचा असताना गुरुजी असेच दिसत होते. गाव याला तपश्चर्येचं तेज म्हणत असे. तोही तसंच म्हणत आला होता.

"आणि भाऊ?"

"ठाऊक नाही. विचारलं असतं, तर ठरवावं लागलं असतं."

"मग तुम्हीही एक वाक्य बोला, गुरुजी."

गुरुजी हसले. "इतकी वर्षं एकदम अंगावर येतील रे. तुझ्या घरी बसून तुला सांगणं सोपं होतं."

ज्यांनी आपल्याला अक्षर शिकवलं, त्यांना आपण काय शिकवणार? त्याने वाकून नमस्कार केला आणि तो जिना उतरू लागला. शेवटच्या पायरीवर असताना वर खोलीत गुरुजींचा आवाज त्याने ऐकला. शब्द कळले नाहीत. पण वाक्य पुरं होतं.

सकाळी तो धावत आला. खोली उघडी होती. काठी नव्हती. गाठोडं जमिनीवर सुटलेलं होतं आणि त्यातली भाकरी दगडासारखी झाली होती. खाली घाटावर नावाडी होडी धूत होता. त्याला विचारलं.

"झुंजूमुंजूला एका आजोबांना पल्याड सोडलं," नावाडी म्हणाला. "इतका म्हातारा माणूस जन्मात बघितला नाही, बघा. हाताला धरून उतरवायला गेलो, तर म्हणाले, सोड रे, मला घाई आहे."