खाडीकडची पाच झाडं

खाडीकाठी अजून माणसांची वस्ती झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे तिवराच्या झाडांच्या मुळांशी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, एक गाव होतं. त्या गावातल्या भागीच्या लक्षात आलं, की दर वर्षी उधाणाचं पाणी तिच्या बिळाकडे थोडं थोडं पुढे सरकतंय. तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

त्यातच गावच्या तांडेलाने, म्हणजे म्होरक्याने, फर्मान काढलं, "मुळं कुरतडा, झाडं पाडा. मोकळ्या जागेत ऐसपैस घरं बांधू."

"दादा, ही झाडं गेली तर लाटांना अडवणार कोण?" भागीने विचारलं.

"पलीकडच्या काठावरच्यांनीही झाडं पाडूनच घरं बांधली. ते सुखात आहेत. मग आम्हीच का जन्मभर चिखलात लोळायचं?"

 भागीलाही तांडेलाचं म्हणणं खोटं वाटेना. तिची स्वतःची पोरंही दाटीवाटीनेच वाढत होती. "बांधा घरं," ती शेवटी म्हणाली, "पण खाडीकडची रांग तेवढी ठेवा." सगळे हसले. मग ती त्या रांगेसमोर नांग्या उगारून उभी राहिली. भांडण नको म्हणून तिच्यामागची पाच झाडं तेवढी वाचली.

श्रावणातल्या पुनवेला असं उधाण आलं, की नवी घरं बघता बघता वाहून गेली. सारं गाव त्या पाच झाडांकडे धावलं. फांदीफांदीला चिंबोऱ्या लटकल्या, तरी कित्येकांना जागा मिळेना. वाहून चाललेल्या तांडेलाला भागीने नांगीने धरून वर ओढलं.

"पाणी ओसरेल ना गं?" त्याने विचारलं.

"आज ओसरेल," भागी म्हणाली आणि आपली पोरं मोजू लागली.