सातव्या पुडीतली ओळ

फार मागं एका गावात सगुणाक्का नावाची विणकरीण आजारी पडली. ताप उतरला, तरी ती अंथरूण सोडेना आणि औषधही घेईना. तेव्हा वैद्यांनी चूर्णाच्या सात पुड्या बांधल्या आणि कागदांच्या आत एका कवितेची एकेक ओळ लिहिली. पुढची ओळ कळावी म्हणून सगुणाक्का रोज एक पुडी उघडू लागली.

सातवी पुडी वाट पाहून पाहून थकली होती. तिच्या एकटीच्या कागदावर मात्र वैद्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

"कोरा कागद, आणि म्हणे कवितेचं पान!" फडताळातला जाडजूड ग्रंथ हसला. "उद्या तुला चूर्णासकट भिरकावणार बघ ती."

"मला भिरकावू दे हो दादा. चूर्ण तेवढं तिच्या पोटात जाऊ दे," पुडी म्हणाली.

सातव्या दिवशी सगुणाक्कानं पुडी उघडली, कागद उलटसुलट करून पाहिला.

"काय हे वैद्यबुवा! असं अर्ध्यावर सोडतात होय?" असं म्हणत तिनं रागारागानं चूर्ण तोंडात टाकलं. मग आधीचे सहा कागद ओळीनं मांडून पुन्हा वाचले. थोड्या वेळानं सातव्यावर लिहायला चुलीतला कोळसा आणावा म्हणून ती भिंतीला धरत उठली.