राजानं फिरवलेला शब्द

फार जुन्या काळी, डोंगर आणि नदी यांच्यामध्ये वसलेल्या एका राज्यात एक गुरुजी राहत. शेजारच्या राज्यानं त्यांना जास्त पगार देऊ केला होता, पण ते गेले नाहीत. कारण इथल्या राजानं भर दरबारात शब्द दिला होता, "जो माझ्या राज्याची चाकरी करील, त्याचं आणि त्याच्या बायकोचं म्हातारपणीचं औषधपाणी दरबार करील." गुरुजी, पाणके, नदीच्या बांधाचे राखणदार, सगळे त्या एका शब्दावर तुटपुंज्या पगारात राबले.

शिकवून शिकवून गुरुजींचा आवाज बसला, तेव्हा त्यांना शाळा सोडावी लागली. पुढे त्यांच्या बायकोच्या डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं. तिचा हात धरून गुरुजी राजवैद्याकडे गेले. शिपायानं दारातच अडवलं.

"गुरुजी, नियम बदललाय. जो म्हातारा होईपर्यंत कामावर होता, त्यालाच औषध. तुम्ही लवकर सोडलंत."

"सोडलं नाही रे, आवाज गेला! आणि मी कामाला लागलो तेव्हा कुठे होता हा नियम?"

शिपायानं दरबाराकडे बोट दाखवलं.

गुरुजी तडक दरबारात गेले. प्रधान गोड हसला. "खर्च वाढलाय, गुरुजी. जरा समजून घ्या."

"मीच समजून घ्यायचं?" गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आमची उमेदीची वर्षं घेताना शब्द खरा होता, आणि द्यायची वेळ आली तेव्हा खर्च वाढला? याला लबाडी म्हणतात!"

राजानं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

एके सकाळी बायकोनं विचारलं, "अहो, अजून उजाडलं नाही का?" ऊन तर अंगणभर पसरलं होतं.

त्याच वर्षी नदीला पूर आला. बांधाला तडे गेले. राजा धावत आला. "उतरा बांधावर! जो उतरेल, त्याला दरबार जन्मभर सांभाळील!"

कुणी जागचं हललं नाही. एक म्हातारा राखणदार म्हणाला, "महाराज, हा शब्द कुठवर? पाणी ओसरेपर्यंतच ना?"

लोक मुलाबाळांना घेऊन डोंगरावर चढले. बांध फुटला. राजवाडा, कोठारं, सगळं पाण्याखाली गेलं. भिजलेला राजाही शेवटी डोंगरावरच आला आणि मान खाली घालून गुरुजींना म्हणाला, "चुकलो. नियम मागे घेतो."

"घ्या. घ्यायलाच हवा," गुरुजी म्हणाले. "पण हिची नजर कोण परत आणणार?"

गुरुजींनी बायकोचा हात धरला आणि राजाकडे पाठ फिरवली.

तात्पर्य: माणसांची उमेदीची वर्षं वापरून म्हातारपणी जो शब्द फिरवतो, त्याच्या संकटातल्या हाकेला कुणी ओ देत नाही, आणि उशिरा सुचलेल्या शहाणपणानं गेलेलं परत येत नाही.